माल्कमचा उजवा हात

14 नोव्हेंबर, रात्री उशिरा

आज पुन्हा तेच तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर. ई, डी, ए. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडच्या 'बॅक इन ब्लॅक' गाण्याची सुरुवात. डाव्या हाताला त्यात फारसं काम नाही. गिटार शिकायला लागल्यावर पहिल्या महिन्यातच हे तिन्ही कॉर्ड हातात बसतात. मी मात्र गेले पाच महिने रोज रात्री अर्धा तास एवढंच वाजवतेय, आणि अजून जमलेलं नाही.

फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. चूक कुठे होते ते आज नीट कळलं. पहिला ई वाजला की तारांवर हात ठेवून आवाज तोडायचा आणि पुढच्या ठोक्यापर्यंत काहीही करायचं नाही. त्या 'काहीही न करण्यात' माझा हात गप्प बसत नाही. दरवेळी केसभर आधी पोचते. आमच्या सरावाला ड्रम वाजवणारा मित्र गेल्या आठवड्यात म्हणाला, "तू जागा भरून टाकतेस. तिथे काही नाहीये, ते तसंच राहू दे ना." तेव्हा पटलं नव्हतं. आज माझ्याच कानांनी ऐकलं.

मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्या मोकळ्या जागेत ड्रमर फिल रडचा ठेका शांतपणे चालू असतो, आणि गिटार थांबलेली असूनही गाण्याचं वजन उतरत नाही. ही जागा राखणारा माणूस माल्कम यंग, बँडचा दुसरा गिटारवादक.

एसी/डीसी म्हटलं की डोळ्यांपुढे त्याचा धाकटा भाऊ, मुख्य गिटारवादक अँगस येतो. शाळेचा गणवेश, अर्धी चड्डी, टाय, हातात गिब्सन एसजी, एका पायावर लंगडी घालत स्टेजभर पळणारा. मीही कित्येक वर्षं त्यालाच बघत होते. पुढे कधीतरी जुन्या मैफिलींच्या व्हिडिओंत माझी नजर मागे गेली. अँप्लिफायरच्या भिंतीला लागून, ड्रम्सच्या शेजारी, जीन्स घातलेला एक लहानखुरा माणूस. धृपद आलं की तो आणि बेसवाला क्लिफ विल्यम्स दोघंही माइकपाशी चालत येतात, ओळ म्हणतात आणि उलट्या पावली मागे जातात. पुन्हा धृपद, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तासन् तास. एकदा ते दिसलं आणि मग अँगसकडे बघणंच कमी झालं.

बँड माल्कमचा होता. 1973 च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीत त्यानेच तो उभा केला. तेव्हा तो 20 वर्षांचा, अँगस 18. दोघंही ग्लासगोचे. 1963 मध्ये यंग कुटुंब स्कॉटलंड सोडून ऑस्ट्रेलियात आलं. मोठा भाऊ जॉर्ज 'ईझीबीट्स' या बँडमधून नावारूपाला आलेला. म्हणजे प्रसिद्धी घरात कशी येते आणि कशी निघून जाते, हे या दोघांनी मिसरूड फुटायच्या आधीच पाहिलं होतं. बहिणीने, मार्गारेटने, शिवणयंत्रावर विजेच्या प्रवाहाची 'एसी/डीसी' ही खूण वाचली आणि बँडला नाव मिळालं. अँगसच्या गणवेशाची कल्पनाही तिचीच. 1973 च्या 31 डिसेंबरला सिडनीच्या 'चेकर्स' क्लबमध्ये पहिला मोठा कार्यक्रम झाला.

माल्कमची गिटार म्हणजे 1963 सालची ग्रेच, जॉर्जच्या बँडमधल्या हॅरी वँडाकडून मिळालेली. तिचा रंग त्याने खरवडून काढला. ब्रिजजवळचा एक पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) ठेवून बाकीचे उपटून टाकले. त्या जागी राहिलेली भोकं शेवटपर्यंत तशीच दिसायची. जाड तारा, अँप्लिफायरचा गेन, म्हणजे आवाज फाडायचं प्रमाण, कमी. हार्ड रॉक म्हणजे आवाज जितका फाटेल तितका चांगला, असं मलाही वाटायचं. माल्कमचा आवाज जवळजवळ स्वच्छ आहे. कॉर्डमधली तार न् तार ऐकू येते. गेन वाढवला की सगळ्या तारा एकमेकींत मिसळतात आणि उजव्या हाताच्या चुका झाकल्या जातात. कमी ठेवला की काहीच झाकलं जात नाही.

मी आज गेनचं बटण निम्म्यावर आणलं. ऐकवेना. पण तिथेच ठेवणार आहे.

15 नोव्हेंबर

दिवसभर बँडचा जुना गायक बॉन स्कॉट ऐकत होते, त्यामुळे सराव झालाच नाही.

बॉन 1974 मध्ये आला. या दोघा भावांपेक्षा बराच मोठा, स्कॉटलंडमध्येच जन्मलेला आणि लहानपणी ऑस्ट्रेलियात आलेला. त्याच्या आवाजात एक खट्याळ, रस्त्यावर वाढलेला सूर आहे. तो गात नाही, कोपऱ्यावर उभा राहून आपल्याला काहीतरी घडलेलं सांगतोय असं वाटतं. यंग बंधूंचं संगीत तसं कडक, काटेकोर. त्याला हसणारा चेहरा बॉनने दिला.

मला सगळ्यात आवडतो तो बॅगपाइपचा किस्सा. 'इट्स अ लाँग वे टू द टॉप' ध्वनिमुद्रित होत असताना निर्माता म्हणून बसलेल्या जॉर्जला वाटलं की इथे बॅगपाइप हवा. बॉन तरुणपणी पाइप बँडमध्ये होता हे त्याला ठाऊक होतं. बॉन तिथे होता खरा, पण ड्रम वाजवायला. त्याने तसं सांगून हात झटकले नाहीत. बॅगपाइप आणला आणि वाजवायला शिकला. 1976 च्या 23 फेब्रुवारीला मेलबर्नच्या स्वान्स्टन स्ट्रीटवरून एका उघड्या ट्रकवर उभं राहून बँडने त्या गाण्याचं चित्रीकरण केलं. मागे रहदारी, फुटपाथवर थबकलेली माणसं, आणि ट्रकवर खरेखुरे पाइपवाले. शिखर फार लांब आहे असं सांगणारं ते गाणं, आणि गाणाऱ्यांना अजून ऑस्ट्रेलियाबाहेर कुणी ओळखतही नव्हतं. त्याच भागातल्या एका गल्लीला 2004 मध्ये मेलबर्न शहराने बँडचं नाव दिलं.

मग इंग्लंड, मग अमेरिका, वर्षाला एक अल्बम आणि मधल्या काळात सतत दौरे. 1979 मध्ये 'हायवे टू हेल' आला. या वेळी जॉर्ज आणि वँडाऐवजी मट लँग निर्माता होता. घरच्या भावाला बाजूला करणं माल्कमला सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. पण अल्बम ऐकला की कारण कळतं. रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, तेच, पण प्रत्येक वाद्य धुऊन-पुसून आपापल्या जागी ठेवलेलं. शीर्षक गीताच्या कडव्यात बेस वाजतच नाही. दोन गिटारी, ड्रम्स आणि बॉन, बस. धृपदाकडे वळताना क्लिफ आत येतो आणि पायाखालची जमीन अचानक भरीव होते. आधी ती पोकळी ठेवली नसती तर हे जाणवलंच नसतं. मी हे गाणं शंभरदा ऐकलं असेल, पण ही गोष्ट हातात गिटार आल्यावर दिसली.

या अल्बमने अमेरिकेचं दार उघडलं. आणि 1980 च्या 19 फेब्रुवारीला लंडनमध्ये, रात्रभराच्या पिण्यानंतर, एका उभ्या मोटारीत बॉन गेला. 33 वर्षांचा होता.

यापुढचं लिहिताना मला दरवेळी थांबावं लागतं. बँड बंद करायचा विचार दोघा भावांच्या मनात आला होता. बॉनच्या आईवडिलांनीच त्यांना पुढे जायला सांगितलं. मुलाचे अंत्यविधी उरकत असताना त्याच्या मित्रांना 'तुम्ही थांबू नका' म्हणायला किती मोठं मन लागत असेल. नवा गायक मिळाला तो न्यूकॅसलचा ब्रायन जॉन्सन, आणि त्याच्याबद्दल भावांना पूर्वी कधीतरी बॉननेच सांगून ठेवलं होतं. बॉनने त्याला 'जॉर्डी' या बँडबरोबर गाताना पाहिलं होतं. तो स्टेजवर लोळून जिवाच्या आकांताने ओरडत होता. अपेंडिक्सच्या कळा येत होत्या म्हणून तो लोळत होता, हे नंतर समजलं.

बॉन गेल्यावर जेमतेम दोन महिन्यांत ही माणसं बहामातल्या नसाऊच्या स्टुडिओत होती. बाहेर वादळं चालू. जॉन्सन एकेक ओळ लिहीत होता. पाच महिन्यांनी, 25 जुलै 1980 ला, 'बॅक इन ब्लॅक' आला. मुखपृष्ठ पूर्ण काळं, कारण ते सुतक होतं. पहिल्या गाण्याच्या आधी घंटेचे टोल. त्यासाठी इंग्लंडच्या लफबरोमधल्या स्मारकातली घंटा ध्वनिमुद्रित करायला गेले, तर टोल पडला की आतली पाखरं फडफडून उडायची आणि त्यांच्या पंखांचा आवाज टेपवर यायचा. शेवटी त्याच गावातल्या टेलर या ओतशाळेत बँडसाठी तयार होत असलेली एक टनाची घंटा वाजवून काम झालं.

नुसत्या अमेरिकेत या अल्बमच्या अडीच कोटींहून अधिक प्रती गेल्या. जगातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बममध्ये त्याची गणना होते. मला मात्र तो अल्बम ऐकताना आकडे आठवत नाहीत. ही माणसं रडगाणं गायली नाहीत, एवढंच आठवतं. संपूर्ण अल्बममध्ये हुंदका नाही. मित्र गेलाय आणि ते त्याच्या आवडीचं संगीत त्याला आवडेल तसं, जोरात वाजवताहेत. माझ्याकडे शोकाचं दुसरं कुठलंही संगीत याहून खरं नाही.

17 नोव्हेंबर

काल काही लिहिलं नाही. आज थोडंच.

'हे लोक आयुष्यभर एकच अल्बम करत राहिले' हा आक्षेप आज पुन्हा ऐकला. मला तो आक्षेप वाटत नाही. 1981 मध्ये 'फॉर दोज अबाउट टू रॉक'ने अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला, आणि तिथून पुढचं दशक सिंथेसायझरचं होतं. कितीतरी हार्ड रॉक बँडनी कपडे, केस, आवाज सगळं बदललं. यांनी बदललं नाही, आणि त्याची किंमतही मोजली. ऐंशीच्या दशकातले मधले अल्बम मला स्वतःला कच्चे वाटतात. 1983 मध्ये फिल रड बाहेर पडला तेव्हा ठेक्यातला तो निवांतपणाही गेला. त्याच्यानंतरचे ड्रमर वाईट नव्हते, पण रड ठोक्याच्या किंचित मागे रेलून वाजवायचा आणि माल्कमचा हात त्याच्याशी बोलायचा. 1994 मध्ये तो परत आला. त्यानंतरचा 'बॉलब्रेकर' अल्बम लावला की पहिल्या मिनिटातच फरक कळतो.

1988 मध्ये माल्कम स्वतः दौरा अर्ध्यावर सोडून घरी गेला. दारू. पुतण्या स्टीव्ही यंगने त्याची जागा घेतली. माल्कम दारू सोडून परतला, आणि 1990 मध्ये 'थंडरस्ट्रक' आलं. ज्या बँडने दारूपायी गायक गमावला होता, त्याच्या म्होरक्याने वेळीच गिटार खाली ठेवली. हे मला त्याच्या कुठल्याही रिफइतकंच मोलाचं वाटतं.

आणि 1991 चा जानेवारीही लिहायला हवा. सॉल्ट लेक सिटीच्या कार्यक्रमात पुढे रेटलेल्या गर्दीत चेंगरून तीन कोवळी मुलं गेली. त्या दौऱ्याचे व्हिडिओ मी आवडीने बघते, आणि पहिल्या रांगेतले चेहरे दिसले की ती मुलं आठवतात.

18 नोव्हेंबर

आज माल्कमची पुण्यतिथी. 2017 मध्ये गेला, 64 वर्षांचा. जॉर्जला जाऊन तेव्हा महिनाभरही झाला नव्हता.

'ब्लॅक आइस' अल्बमच्या दौऱ्यात, 2008 ते 2010 या काळात, त्याच्या स्मृतीवर परिणाम व्हायला लागला होता. तीस-पस्तीस वर्षं वाजवलेली, स्वतःच रचलेली गाणी त्याला कार्यक्रमाआधी पुन्हा शिकावी लागत होती. अँगसने हे नंतर सांगितलं. तरीही तो दौरा त्याने पूर्ण केला. जून 2010 मध्ये स्पेनमधल्या बिल्बावला शेवटचा कार्यक्रम झाला, आणि तो त्याचाही शेवटचा ठरला. त्या वर्षांतले व्हिडिओ मी आज पुन्हा पाहिले. मला कुठेही हात चुकलेला दिसला नाही. धृपदाला पुढे येतो, परत मागे जातो.

2014 मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. स्मृतिभ्रंश. स्टीव्ही पुन्हा त्याच्या जागी उभा राहिला. मग सगळंच निखळत गेलं. रड खटल्यात अडकला. 2016 मध्ये जॉन्सनची श्रवणशक्ती पार जाईल अशी भीती डॉक्टरांनी घातली आणि त्याला दौरा सोडावा लागला, उरलेले कार्यक्रम 'गन्स अँड रोझेस' बँडच्या ॲक्सल रोजने गायले. त्याच दौऱ्यानंतर क्लिफ निवृत्त झाला. मूळचा म्हणावा असा एकटा अँगस राहिला. बँड संपला असं मी तेव्हा धरून चालले होते.

सिडनीच्या सेंट मेरीज कॅथेड्रलमध्ये माल्कमचे अंत्यविधी झाले. शवपेटीवर ती ग्रेच ठेवली होती. रंग खरवडलेली, भोकांची.

2020 च्या नोव्हेंबरमध्ये 'पॉवर अप' आला. जॉन्सन, रड, क्लिफ सगळे परत, आणि माल्कमच्या जागी स्टीव्ही. बाराच्या बारा गाण्यांवर अँगसबरोबर माल्कमचंही नाव आहे, कारण दोघांनी वर्षानुवर्षं साठवलेल्या रिफांतूनच अँगसने ती बांधली. 1980 मध्ये बॉनसाठी केलं तेच अँगसने चाळीस वर्षांनी भावासाठी केलं, तेही तसंच, हुंदक्याविना. मी तो अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा अँगसकडे लक्षच गेलं नाही. एका बाजूच्या स्पीकरमध्ये स्टीव्ही वाजवत होता, काकाच्या हातवळणाने, कणभरही पुढे न येता.

सराव आजही केला. गेन निम्म्यावरच. मित्राला बोलावून घेतलं होतं, त्याने फक्त हाय-हॅट आणि स्नेअर धरला. पहिल्या वीसेक वेळा मी नेहमीसारखीच लवकर आले. तो काही बोलला नाही, ठेका तसाच चालू ठेवला. मग एकदा ई वाजवला, तारांवर हात ठेवला आणि थांबले. त्याच्या काठ्या ऐकत राहिले. डी आपोआप त्याच्या जागी पडला.

तो म्हणाला, "हां. हेच."

पुढच्या फेरीत पुन्हा चुकले. उद्या जाड तारांचा संच आणायचाय.