रेकॉर्ड फुटली तरी कव्हर ठेवा

बेळगावच्या खडेबाजारात जुन्या रेकॉर्डी दिसल्या की मी आधी कव्हर बघतो, गाणं नंतर. लोकांना एलपीची, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डींची, रंगीत कव्हरं पाहिजेत, मला ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डींच्या तपकिरी कागदी पिशव्या लई आवडतात, मधे गोल भोक, त्यातून लेबल दिसणार, वर दुकानदाराचं नाव, गल्ली, कधी ग्रामोफोनच्या सुयांची जाहिरात, कारण स्टीलची सुई एक बाजू वाजली की बदलायची असायची. चित्रांची कव्हरं ॲलेक्स स्टाइनवाइसनं अमेरिकेत कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी १९४० च्या आसपास आणली. छान आहेत ती, पण बेळगावच्या दुकानाचा शिक्का असलेली साधी पिशवी मिळाली की मला जास्त आनंद होतो बघा. कुमार गंधर्व तर इथल्याच सुळेभावीचे, त्यांची एलपी मूळ कव्हरसकट दिसली की मी सोडतच नाही. आणि फाटलेल्या कव्हराला सेलोटेप लावू नका हो, त्याचा गोंद पिवळा पडून कागद खराब करतो.