विहिरीची पाळी आणि जुन्या दाव्याची नक्कल

"कोर्टात लिहिलंय सगळं," हे आमच्या घरातलं लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. काय लिहिलंय ते मात्र हयात असलेल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात वाटपाचा दावा झाला, 1978 मध्ये तो तडजोडीने मिटला, एवढंच माहीत. गेल्या उन्हाळ्यात सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलत्यांशी वाजलं आणि त्या दाव्याच्या कागदांची नक्कल, म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याची प्रत, काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

तालुक्याच्या कोर्टात नकलेच्या खिडकीवर पहिलाच प्रश्न आला, "मुकदमा नंबर?" मी आजोबांचं नाव सांगितलं. "नावावरून इतकं जुनं निघत नाही, दादा. नंबर आणि साल आणा." ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, पण आमचं प्रकरण तिथे नव्हतंच.

नंबर सापडला तलाठी कार्यालयात. सातबाऱ्यावर नावांशेजारी वर्तुळात आकडे असतात, ते फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे. इतकी वर्षं सातबारा हाताळूनही मी कधी त्या आकड्यांकडे बघितलं नव्हतं. एक जुना फेरफार काढला तर त्यात "दिवाणी कोर्टाचे हुकूमनाम्यावरून" असं लिहून पुढे नंबर दिलेला (हुकूमनामा म्हणजे दाव्याच्या निकालाचा कोर्टाचा आदेश), आणि साल 1974! दावा दाखल होतो त्या सालाने ओळखला जातो, निकालाच्या नाही. आम्ही 1978 ची रजिस्टरं बघा म्हणून उगाच दोन खेपा घातल्या होत्या.

दरम्यान भावाने सुचवलं, माहिती अधिकारात अर्ज टाक. ओळखीच्या वकिलांनी ते तिथेच थांबवलं. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच सांगितलंय, की कोर्टाच्या स्वतःच्या नियमांत नक्कल मिळायची सोय असेल तर त्याच वाटेने जायचं.

मग अर्ज. कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि "कोणते कागद हवेत" या रकान्यात ऐटीत लिहिलं, "प्रकरणातील सर्व कागदपत्रे". अर्ज परत. प्रत्येक कागद नावानिशी आणि निशाणी क्रमांकासह, म्हणजे फाइलमध्ये कोर्टाने त्याला दिलेल्या नंबरासह, लिहायचा. फाइल पाहिल्याशिवाय निशाणी कळणार कशी? त्यासाठी आधी पाहणीचा अर्ज. आम्ही मूळ पक्षकार नाही, म्हणून वारस फेरफार आणि आधारकार्ड जोडलं. परक्या माणसाला तर कारण सांगून शपथपत्र द्यावं लागतं, आमचं त्या मानाने सोपं. रेकॉर्ड जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात गेलेलं, ते येईपर्यंत तीन आठवडे रोज फोन.

शेवटी लाल कापडातलं बासन माझ्यासमोर सुटलं. मोबाइल काढू नका, अशी ताकीद. कारकुनासमोर बसून पेन्सिलीने निशाण्या टिपून घेतल्या. साक्षीपुराव्याचे कागद मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केलेले. आजोबांची साक्ष वाचायला मिळेल अशी मनात आशा होती, ती गेली. पण हुकूमनामा होता, आणि तडजोडीची पुरसीसही, म्हणजे पक्षकारांनी कोर्टात लिहून दिलेला कागद. पुरसिशीखाली आजोबांची सही मोडीत. ते मोडी लिहायचे हे मला माहीतच नव्हतं. थोडा वेळ निशाण्या बाजूलाच राहिल्या.

नक्कल त्यानंतर आठवड्याभरात मिळाली. शेवटच्या पानामागे शिक्का आणि तीन तारखा: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची, दिल्याची. मला ती कारकुनी हौस वाटली होती. वकिलांनी सांगितलं, अपील करणाऱ्याचा जीव त्यांत असतो. मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळतात, आणि ते मोजतात याच तारखांवरून.

घरी येऊन वडिलांना वाचून दाखवलं. आठ दिवसांच्या पाळीत पाच दिवस आजोबांच्या धाकट्या भावाचे, तीन आमचे. वडील आयुष्यभर चार-चार सांगत आले होते. त्यांनी कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाले, "नकाशा कुठाय? सोबत नकाशा होता."

हुकूमनाम्यात "सोबतचा नकाशा" असे शब्द आहेतच. मी अर्जात तो लिहायला विसरलो होतो. सोमवारी परत खिडकीवर जायचंय, आणि तोवर पाणी आम्ही तीनच दिवस घेतोय.