हरिहर: मोबाइलच्या भरवशावर जाऊ नका

मांड्या अजून भरलेल्या आहेत, त्यामुळे भाषा जरा तिखट वाटेल.

शनिवारी पहाटे पाचला दोन बाइकवर आम्ही तिघं नाशिकहून निघालो. त्र्यंबकेश्वरपर्यंतचे तीसेक किलोमीटर झकास. पुढे फसलो. अ‍ॅपमध्ये नुसतं 'हरिहर किल्ला' टाकलं होतं. त्यानं एका कच्च्या रस्त्याला घातलं, रेंज गेली आणि भाताच्या खाचरापाशी मोबाइलमधली बाई म्हणाली, 'तुम्ही पोहोचला आहात.' किल्ला समोर, वाट कुठेच नाही. गुरं घेऊन निघालेले एक बाबा हसले. "रोज कोणी ना कोणी येतंच इथवर. हर्षेवाडी मागं राहिली तुमची."

घोळ असा की नकाशातली खूण असते किल्ल्याच्या माथ्यावर. अ‍ॅप त्या खुणेला सरळ रेषेत जवळ पडणारा गाडीरस्ता शोधतं. मधे दरी असली तर त्याला काय! म्हणून किल्ल्याचं नव्हे, पायथ्याच्या गावाचं नाव टाका: हर्षेवाडी किंवा निरगुडपाडा. हर्षेवाडीकडून चढ कमी. निरगुडपाड्याकडून घाम निघतो. दोन्ही वाटा किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांखाली मिळतात. नकाशा घरूनच डाउनलोड करा. जीपीएसला मोबाइलच्या रेंजची गरजच नसते, हे आमच्यातल्या इंजिनिअरलाही तिथे आठवलं नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या अ‍ॅपांत बऱ्याचदा पायवाटाही सापडतात.

यात अडीच तास गेले आणि पायऱ्यांशी पोहोचलो तेव्हा जत्रा भरलेली. जवळजवळ ऐंशी अंशांचा चढ, रुंदी एका माणसाची, चढणारे-उतरणारे त्याच वाटेनं. १८१८ मध्ये इंग्रजांनी इथले किल्ले घेतले तेव्हा अनेकांच्या वाटा फोडल्या, ह्या पायऱ्या वाचल्या; आता त्यांच्यावर सेल्फीवाले अडून बसतात. खोबणीत बोटं रुतवून मी वीस मिनिटं एका पायरीवर उभा होतो. अ‍ॅपवर मात्र 'सोपा ट्रेक, फॅमिलीसाठी उत्तम'. साफ खोटं. सातच्या आत पायऱ्यांखाली नसाल तर रविवार-शनिवार जाऊच नका.

गाइडचे आठशे रुपये एका बुकिंग अ‍ॅपवर आधीच भरले होते. गाइड आला नाही, फोन बंद, रिफंड आजही 'प्रक्रियेत'. गावातला पोरगा तीनशेत आला आणि कुठली खोबण गुळगुळीत झालीय तेही त्यानं सांगितलं. रोख घ्या, सुट्टे घ्या. यूपीआय तिथे नुसतं गोल गोल फिरत राहतं.

ड्रोनचे व्हिडिओ नकोत हो आम्हाला. आत्ता पायऱ्यांवर गर्दी किती, त्र्यंबकहून शेवटची एसटी कधी आणि ही माहिती कोणत्या तारखेची, एवढं दाखवणारं अ‍ॅप कुणी काढलं तर मी पैसे मोजून घेईन. २०२७ च्या सिंहस्थासाठी अ‍ॅपं निघतीलच, त्यांनी निदान तारीख तरी टाकावी.

रविवारी पंचवटी, काळाराम, पांडवलेणी. सगळं आरामात झालं, मिसळ चांगली होती.

आणि हो, हरिहरच्या पायऱ्या उतरताना तोंड कातळाकडे, शिडी उतरतो तसं. मोबाइल खिशात नको, सॅकमध्ये. माझ्या वरच्या माणसाचा खिशातून निसटला. खाली आपटत गेल्याचा आवाज बराच वेळ येत होता.