घाटात पिकअप बंद पडतो तेव्हा

कसारा घाट चढताना डिझेल पिकअप बंद पडला, तर कसा पडला ते आधी आठवा. आचके देत गेला तर डिझेल पुरत नाही. झटक्यात गेला तर वायरिंग किंवा क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचा क्रँकशाफ्ट फिरतोय का हे ओळखणारा सेन्सर. तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, हे बहुधा सेन्सरचंच लक्षण.

डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या. पाणी असेल तर खाली बसलेलं स्पष्ट दिसतं. नवा फिल्टर बसवला की डिझेल लाइनवरचा छोटा हातपंप कडक होईपर्यंत दाबून हवा काढाच, इथे घाई नको. पंप पुन्हा मऊ पडतोय? मग टाकीकडून येणारा पाइप कुठेतरी हवा ओढतोय. क्लिप आवळा, तडकलेला रबरी पाइप बदला. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल, त्यानंतर तपासा. आणि कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल देणारं) चालू असताना हाय प्रेशर पाइप कधीही सैल करू नका, डिझेलची धार कातडीत घुसते.