स्वयंवरातली बाजू: सा सापडला, वेग अजून नाही

मागच्या नोंदीत अर्धं लेबल उडालेल्या ज्या दहा इंची तबकडीबद्दल (‘स्वयंवर’ नाटकातल्या पदाची शेलॅकची, म्हणजे लाखेची, जुनी ग्रामोफोन रेकॉर्ड) लिहिलं होतं, तिच्या डिजिटल रूपांतराचं काम अर्धं फत्ते झालंय आणि अर्धं पार अडकलंय. बाजूच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत सूर हळूहळू उतरत जायचा, तो दोष गेला. पण मूळ मुद्रण मिनिटाला नेमक्या किती फेऱ्यांनी झालं, हे ठरत नाही. ७८.२६ वर वाजवलं की बाजूच्या मध्यावर सा ४२७.५ हर्ट्झवर येतो. ४४० ची पेटी धरली तर काळी चार ४१५.३ ला आणि पांढरी सहा ४४० ला. म्हणजे आपला सा दोन पट्ट्यांच्या अगदी मधोमध, आणि ४४० ची कुठलीच पेटी तिथे वाजत नाही.

आधी किरकोळ कामं उरकतो. धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, लिटरला बिनसुगंधी सौम्य डिटर्जंटचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खोबणीच्या दिशेने, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा, लेबल कोरडं ठेवून. अल्कोहोल असलेला कुठलाही क्लीनर शेलॅकला लावू नका, पृष्ठभागच विरघळतो. एलपीसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत आयसोप्रोपिल असतं, तेव्हा बाटली उलटी करून वाचा. चकाकी यावी म्हणून तेलाचा हात फिरवलेल्या तबकड्या बाजारात सर्रास मिळतात. त्या दोनदा धुवाव्या लागतात, कारण तेलात बसलेली धूळ सुईखाली लगदा होते. कोकणातून आलेल्या तबकड्यांवर पांढरी बुरशी असेल तर घासण्याआधी पाणी काही मिनिटं पृष्ठभागावर राहू द्या.

सुई २.८ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), टोक छाटलेली लंबवर्तुळाकार. जुन्या पोलादी सुयांनी खोबणीचा जो भाग खरवडलाय तो ही टाळते आणि भिंतीवर थोड्या वेगळ्या उंचीवर बसते. ३ मिलच्या साध्या गोल टोकापेक्षा या बाजूवर खरखर स्पष्टपणे कमी आली. एलपीची ०.७ मिलची सुई खोबणीच्या तळाला घासत जाते. तिने केलेली रूपांतरं ऐकून कुणी जुन्या तबकड्यांना नावं ठेवली तर दोष तबकडीचा नाही. काड्रिजबद्दल (सुई ज्यात बसते तो भाग) माझं मत बदललेलं नाही: शुअरचं एम४४ अजूनही या कामाला सगळ्यात भरवशाचं. कंपनीने २०१८ मध्ये काड्रिजं बनवणं थांबवलं, त्यामुळे आता जुना माल शोधावा लागतो. सुईवरचं वजन ४ ग्रॅम. स्टिरिओ काड्रिजचे दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो केलं की सुईच्या उभ्या हालचालीतून येणारा बराच गोंगाट कमी होतो. मुद्रण भोंग्यातलं आहे, म्हणजे मायक्रोफोनशिवाय भोंग्यात गाऊन केलेलं, त्यामुळे रिया वक्र (एलपी वाजवताना लावायची आवाजाची ठरावीक दुरुस्ती) लावायचाच नाही. प्रीअँपमध्ये तो पक्का बसवलेला असेल तर सॉफ्टवेअरमध्ये उलटा लावून काढून टाका. फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट.

आता मोजमाप. पेटी गळ्याच्या मागे मागे जाते, त्यामुळे अखंड धरलेला सा मिळत नाही. पण दोन ओळींच्या मध्ये गायक श्वास घेतो तेव्हा पेटीवाला सा दाबून ठेवतो, त्या जागा निवडायच्या. दाबलेल्या सुराचा मधला भाग घ्या, कारण भाता भरताना आणि उतरताना सूर दोन-चार सेंट हलतो (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). सॉनिक व्हिज्युअलायझर या सॉफ्टवेअरमध्ये मूळ स्वर मोजण्यापेक्षा चौथा उपस्वर, म्हणजे साच्या चौपट हर्ट्झचा, मोजा. १७१० हर्ट्झच्या आसपास एक सेंट म्हणजे जवळजवळ एक हर्ट्झ, त्यामुळे वाचन चौपट बारीक होतं. भोंग्याच्या मुद्रणात त्या पट्ट्यात पुरेसा जीव असतो. त्याच्या फार वर गेलात तर उरते नुसती खरखर.

यात एक खाच आहे. भोक मध्यावर नसेल तर प्रत्येक फेरीला सूर वर-खाली होतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक बाहेरच्या कडेला, १२० मिलिमीटर त्रिज्येवर, ±७ सेंट देतो आणि आत ५० मिलिमीटरवर ±१७. म्हणजे बाजू संपताना सूर सेकंदाला १.३ वेळा ३४ सेंटच्या पट्ट्यात झुलतो. प्रमाणश्रुती (श्रुतींमधलं सगळ्यात लहान अंतर) साडेएकवीस सेंटची आहे, त्यापेक्षा हा झोका मोठा. हा झोका गळ्यातला आंदोलित गंधार समजून कुणी भारावून जाऊ शकतं. म्हणून मोजणीचा तुकडा नेहमी पूर्ण फेऱ्यांचा घ्या: एक फेरी ०.७६७ सेकंदाची, तीन फेऱ्या म्हणजे २.३ सेकंद. इतका लांब सा क्वचितच सापडतो. तसा न मिळाल्यास एकाच जागेच्या पुढच्या-मागच्या छोट्या सुरांची सरासरी काढा.

झोका मुळातच काढायचा तर भोक कानशीने मोठं करू नका, तबकडीला केलेली इजा भरून येत नाही. टाकाऊ तबकड्या एकमेकींना चिकटवून जाड थर करायचा, तो इतका की स्पिंडलचं (टर्नटेबलच्या मधल्या खुंटीचं) टोक थराच्या पृष्ठभागाच्या खाली राहील. त्यावर आपली तबकडी मोकळी ठेवायची, फिरवायची आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) डावी-उजवीकडे झुलणं थांबेपर्यंत बोटाने सरकवायची. शेलॅक पुरेसं जड असतं, क्लॅम्प लागत नाही. थर वाढला की आर्मची उंचीही तेवढी वाढवा. ही बाजू अशी बसवल्यावर आतल्या खोबण्यांमधला झोका कानाला कळेनासा झाला.

मग उतार. पहिल्या ओळीनंतर सा ४३०.१, शेवटी ४२५.०. फरक सुमारे २० सेंट, जवळपास एक श्रुती. पेटीचा सूर तीन मिनिटांत एवढा उतरत नाही, म्हणजे उतार यंत्रातला आहे. आपलंच टर्नटेबल सुई टेकल्यावर मंदावत नाही ना, हे आधी तपासा: स्ट्रोब (वेग तपासायची रेषांची चकती) सुई वर असताना नाही, खोबणीत असताना बघायचा. ते निर्दोष निघालं की मूळ मुद्रणाकडे वळायचं. मूळ मेणाच्या तबकडीत खोबण कापताना सुईचा अडथळा बाहेरच्या कडेला जास्त पिळ देतो, आत कमी. त्यामुळे मुद्रणाचं यंत्र आतल्या बाजूला किंचित वेग धरतं आणि आपण स्थिर वेगाने वाजवलं की सूर उतरतो.

ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी टाइम ट्रॅक (वेग हळूहळू बदलण्याची सोय) वापरा. मर्यादा ९९ ते १०१, सुरुवातीला ९९.४ टक्के, शेवटी १००.६. उतार सरळ रेषेत नव्हता, पहिल्या मिनिटात जास्त आणि पुढे मंद, म्हणून दर तीस सेकंदांना एक बिंदू ठेवला. आकडा टाइप करायची सोय नाही, बिंदू माउसने ओढावा लागतो, हे फार वैतागवाणं. तरीही स्लायडिंग स्ट्रेचपेक्षा हाच मार्ग बरा, कारण तिथे ताणण्याच्या गणिताने तबल्याचा ठोका पसरट होतो. नंतर पुन्हा मोजलं तर सा सगळीकडे ४२७.५ च्या तीन सेंटच्या आत. शेवटच्या तिहाईनंतरचा सा सुरुवातीच्या सावर बरोबर बसतो, हे ऐकायला फार सुख आहे.

आणि इथेच गाडी रुतली. काळी चार धरली तर खरा वेग ७६.०, पांढरी सहा धरली तर ८०.५. दोन्ही वेग त्या काळात अगदी शक्य आहेत. शिवाय ४४० का धरायचं? तो आंतरराष्ट्रीय ठराव १९३९ चा. त्याआधीच्या पेट्यांत जर्मनी-फ्रान्सहून आलेले सूर (रीड) असत. फ्रान्सचं प्रमाण १८५९ पासून ४३५, आणि इंग्लंडात ४५२ च्या आसपासचा चढा सूर बराच काळ वापरात होता. ४३५ धरलं की वेग ७५.२ किंवा ७९.६. ४५२ धरलं की काळी चार ४२६.६ ला येते आणि वेग निघतो ७८.१! हे उत्तर इतकं गुळगुळीत आहे की लगेच मान्य करावंसं वाटतं. पण ७८ हा आकडा नंतर विद्युत मोटारींच्या दातेरी चाकांतून पक्का झाला, भोंग्याच्या काळातला मुद्रक त्याला बांधलेला नव्हता. उत्तर ७८ च्या जवळ आलं म्हणून ते बरोबर, असं म्हणता येणार नाही.

एवढा जीव का काढायचा, असं विचारणाऱ्यांसाठी: ७६ आणि ८०.५ मध्ये एक पूर्ण पट्टी आणि सहा टक्के लयीचा फरक आहे. तीन मिनिटांची बाजू एकीकडे १८५ सेकंद, दुसरीकडे १७५. ८०.५ वर तान लखलखीत, दाणेदार, हरकती विजेसारख्या. ७६ वर तोच गळा भरदार होतो, मींड दिसायला लागते, समेवर यायच्या आधीचा ठेहराव खरोखर ठेहराव वाटतो. जुन्या नाट्यगायकांच्या चपळाईबद्दल आपण जे वाचतो आणि बोलतो, त्यातला काही भाग चुकीच्या मोटारीचा असू शकतो. सरसकट ७८ वर केलेली रूपांतरं ऐकून कुणाच्या गायकीवर मत देणं मला आता पटत नाही. कान सांगतो ७६, शब्दोच्चार तिथे जास्त माणसाचे वाटतात. पण कान हा पुरावा नाही.

या सगळ्यात नाटकाचं छापील पुस्तक समोर ठेवून ऐकण्याचा फायदा दुहेरी झाला. लेबल उडालेलं, पण पहिली ओळ जुळली आणि पद ‘स्वयंवर’मधलं निघालं. नाटक रंगभूमीवर आलं १९१६ मध्ये, आणि ही बाजू भोंग्यातली. विद्युत मुद्रण १९२५ मध्ये आलं आणि पुढच्या काही वर्षांत इथे रुळलं. म्हणजे दहा-बारा वर्षांची खिडकी हातात आली. दुसरा फायदा वाचनाचा. नाटककार खाडिलकरांचं गद्य आज जड वाटेल, पण पद कुठल्या वाक्यानंतर सुरू होतं ते वाचून मग तबकडी लावली की मुखड्याच्या पुनरावृत्तीला अर्थ येतो: पात्र तेच शब्द पुन्हा पुन्हा स्वतःला समजावत असतं. भास्करबुवा बखल्यांनी या नाटकाच्या चाली ख्यालाच्या बंदिशींवर बेतल्या. मूळ बंदिश आधी ऐका, मग पद. बंदिशीत जिथे आलाप आहे तिथे पदात शब्द कसे बसवले, हे बघण्यासारखं आहे. नाट्यसंगीतावरच्या आठवणीवजा पुस्तकांपेक्षा पदाचं साधं छापील पान मला जास्त शिकवून गेलं.

योजना अशी होती की ७६.० आणि ७८.१ अशा दोन फाइली करून दोन्ही ठेवायच्या. लिहिता लिहिता दुसरी बाजू मोजायला घेतली आणि योजना बदलली. तिथे सा ४१९ वर. दोन्ही बाजूंत ३५ सेंटचा फरक, पट्टीचा तर नक्कीच नाही. मग मोटार वेगळ्या वेगाला लावली होती की पेटी वेगळी होती?

हे भोंगा सांगू शकेल. भोंग्याला स्वतःचे अनुनाद असतात, गाणं कुठलंही असो ते त्याच जागी राहतात. पूर्ण बाजूचा सरासरी वर्णपट काढला की चाल बदलली तरी न हलणारे उंचवटे दिसायला हवेत. सोबतच्या बाजूवर हेच उंचवटे साबरोबर दोन टक्के सरकले असतील तर फरक मोटारीचा, आणि जागचे हलले नसतील तर पेटीचा. दोन्ही बाजू एकाच बैठकीतल्या आणि एकाच भोंग्यातल्या असायला हव्यात ही अट आहेच. मेणात कोरलेले मॅट्रिक्स क्रमांक (कंपनीने प्रत्येक मुद्रणाला दिलेले) लागोपाठचे आहेत, त्यामुळे आशा आहे. यातून दोन बाजूंमधलं नातंच कळेल, खरा वेग नाही. पण एकाच बैठकीच्या सहा-आठ बाजू अशा बांधल्या तर उमेदवार वेग बरेच गळतील. तोवर ७६ ची फाइल बाहेर द्यायची नाही. कच्ची फाइल जशीच्या तशी जपून ठेवायची आणि गृहीत धरलेली पट्टी व पेटीचं प्रमाण फाइलच्या नावातच लिहायचं.

ज्यांच्याकडे १९१६ ते १९२६ मधल्या नाट्यपदांच्या भोंग्यातल्या तबकड्या आहेत, त्यांनी प्रत्येक बाजूचे एवढे आकडे पाठवावेत: मॅट्रिक्स क्रमांक, सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा सा, तीन फेऱ्यांच्या सरासरीने. कोणत्या वेगावर वाजवलं तेही हवंच, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेषांचा स्ट्रोब स्थिर दिसला तर वेग ७७.९२ असतो, ७८.२६ नव्हे, आणि तेवढ्यानेच साडेसात सेंट जातात. स्ट्रोब निऑनच्या छोट्या इंडिकेटर दिव्याखाली बघा, चांगल्या एलईडीखाली रेषा दिसतच नाहीत.