स्प्रिंग, लाटा आणि एक रविवार

आज दिवसभर स्प्रिंग आणि तरंगांची गणितं सोडवत बसलो. डोकं भणभणलंय, पण मजा आली.

एका गणितात फक्त एवढंच दिलं होतं: स्प्रिंगला वजन अडकवल्यावर ती २.४५ सेंमी ताणली जाते, तर दोलनकाल, म्हणजे एकदा वर-खाली व्हायला लागणारा वेळ, किती? वस्तुमान (m) नाही, स्प्रिंग किती कडक आहे ते सांगणारा स्थिरांक (k) नाही. पहिल्यांदा वाटलं, छापताना ओळच गळली असावी! कारण दोलनकालाचं सूत्र 2π√(m/k). पण वजन स्थिर लटकतं तेव्हा mg = kx (g म्हणजे गुरुत्वीय त्वरण, x म्हणजे स्प्रिंग जितकी ताणली गेली ती लांबी), म्हणजे m/k च्या जागी सरळ x/g टाकायचं. ०.०२४५ भागिले ९.८ म्हणजे ०.००२५, त्याचं वर्गमूळ ०.०५, गुणिले २π. उत्तर ०.३१ सेकंद. झालं की!

आणि हीच स्प्रिंग चंद्रावर नेली तर? ती कमी ताणली जाईल, पण g सुद्धा त्याच प्रमाणात कमी, त्यामुळे दोलनकाल तोच. लंबकाला हे जमत नाही, तो बिचारा तिथे रेंगाळतो.

तरंगांची गणितं त्यामानाने सरळ. तारेतला ताण चौपट केला की तरंगाचा वेग दुप्पट. लांबी तीच ठेवली तर वारंवारताही दुप्पट, म्हणजे सूर बरोब्बर एक सप्तक वर. सतार जुळवणाऱ्यांना हे वर्गमूळ न काढताच कळतं, हा भाग वेगळा.

स्प्रिंग अर्धी कापली तर k चं काय होतं? सांगा बरं, सूत्र न बघता.