गाडी माझी, पण हात लावायचा नाही

साताऱ्याजवळच्या माळावर डर्ट ट्रॅकची शर्यत होती. लायसन, डॉक्टरचा दाखला, जबाबदारीच्या कागदावर सही, हे पटकन उरकलं. वेळ गेला तो स्क्रुटिनीत. आरसे, इंडिकेटर आणि स्टँड आम्ही आदल्या रात्रीच काढले होते, ऑइलच्या ड्रेन बोल्टला तार बांधली होती. तरी तपासनिसांनी हँडल हलवलं, स्पोकवरून बोटं फिरवली, हेल्मेटचा पट्टा खेचून बघितला. मग टाकीवर स्टिकर लागला.

"आता गाडी पार्क फर्मेत लावा," मार्शल म्हणाले.

सोबत माझा मामा होता. पोवई नाक्याजवळ त्याचं गॅरेज आहे. तो वैतागला, "आता आणि कुठला फॉर्म? मगाशी भरला की!"

फॉर्म नव्हे, फर्मे. फ्रेंचमध्ये फर्मे म्हणजे बंद. बांबू-दोरीनं आखलेलं एक आवार होतं आणि दाराशी मार्शल. आत गेलेल्या गाडीला मालकानंही हात लावायचा नाही, अगदी मतपेट्यांच्या स्ट्राँगरूमसारखं. मामानं सवयीनं खिशातलं फडकं काढून टाकी पुसायला घेतली, तर लगेच शिट्टी वाजली. मला हसू आलं, पण नियम मला पटतो. तपासणी झाल्यावर कुणी इंजिनात काही घातलं तर त्या स्टिकरला काय किंमत?

ही प्रथा जुनी आहे. ल मांजवळ जून १९०६ मध्ये पहिली फ्रेंच ग्रां प्री झाली. शर्यत दोन दिवसांची, रोज ६ फेऱ्या आणि एक फेरी १०३ किलोमीटरची. मधल्या रात्री सगळ्या गाड्या पार्क फर्मेत कुलूपबंद. टायर बदलायचे, दुरुस्ती करायची तर सकाळी, शर्यतीचं घड्याळ चालू असताना. रेनो घेऊन उतरलेला फेरेन्स सिस ती जिंकला. आज फॉर्म्युला वनमध्येही क्वालिफाइंगपासून (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीपासून) शर्यतीपर्यंत गाडीच्या सेटिंगमध्ये फारसं काही बदलता येत नाही.

आमची हीट, म्हणजे आमच्या गटाची शर्यत, संपली आणि गाड्या पुन्हा आत. हे मात्र जड गेलं. चेन सैल झाल्याचा आवाज मला शेवटच्या फेरीत येत होता, पाना मामाच्या हातात होता आणि मध्ये दोरी. निकाल फळ्यावर लागला, तक्रारीसाठीचा अर्धा तास सुरू झाला. कुणी तक्रार केली नाही. मार्शलनी दोरी सोडली तसा मामा माझ्याआधी आत घुसला. नंबर कितवा आला हे त्यानं चेन ताणून झाल्यावर विचारलं.